निळं घासलेट

१

शिपायाच्या खोलीत पुढील वस्तू होत्या. पितळी स्टोव्ह एक, टाकीचं बूच उडालेलं. ॲल्युमिनियमची किटली एक, आतला चहा आटून करपलेला. कप अकरा, त्यातले चार फुटलेले, सात धड. स्टोव्हची पिन एक. पत्र्याचं नरसाळं एक. खुंटीवर खाकी टोपी एक. तिला झळसुद्धा लागली नव्हती. भिंतीवर छतापर्यंत काजळी, आणि काजळीच्या मधोमध माणसाच्या पाठीएवढी जागा पांढरी. दाराबाहेर, भिंतीला टेकून, प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन. त्यात अंदाजे दोन लिटर घासलेट शिल्लक.

"मोजून झालं का, बाई?" फौजदार भरत कडूंनी दारातून विचारलं.

"झालं."

"स्टोव्हचा भडका उडून माणसं मरतात. वर्षाला चार-पाच मीच बघतो. बहुतेक नव्या सुना असतात. शिपाई हा पहिलाच."

दाजी वीस वर्षं या शाळेचे शिपाई होते आणि स्टाफरूमचा चहा तेच करत. परवा सकाळी, शाळा भरायच्या आधी, पंप मारता मारता स्टोव्ह उसळला. काल दुपारी मुंबईच्या इस्पितळात ते गेले.

वसुंधरा केतकर रसायनशास्त्रातली पदवीधर होती. वय तेवीस. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी ती नोव्हेंबरपासून विज्ञान शिकवत होती. पुण्याहून आली होती. इथे रॉकेलला घासलेट म्हणतात, हे तिला दाजींनीच शिकवलं होतं.

"सरकारी प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला सहा महिने जातील," कडू म्हणाले. "तुम्ही सायन्सच्या. ते घासलेट जरा बघून सांगा. तोंडी सांगा, कागदावर नको."

"तुम्हाला अपघात वाटत नाही?"

"वाटतोय. पण दाजी घासलेट एका पोराकडून घ्यायचे. त्याला आत बसवलाय. बाळ्या हिलम. कातकरवाडीतला. तुमच्याच शाळेचा."

मागे उभे असलेले मुख्याध्यापक कमलाकर सर खाकरले. "शाळेचा नाही. निलंबित आहे."

"कधीपासून?" वसुंधराने विचारलं.

"झालं वर्ष-सव्वा वर्ष. प्रयोगशाळेत त्याने आग लावली होती. चौकशी होईपर्यंत निलंबित."

"मग चौकशीत काय निघालं?"

सरांनी करपलेल्या किटलीकडे पाहिलं.

"ती चालू आहे," ते म्हणाले.

२

पोलीस ठाण्याच्या पायरीवर बाळ्याची आई सोमी बसली होती. करंजाड्याच्या बाजूला नव्या इमारतींवर ती विटा वाहायची. केसांत अजून सिमेंट होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक खाकी कपड्याला ती हात जोडत होती. त्यात एक पोस्टमनही होता.

कडूंनी वसुंधराला आत नेता नेता कायदा सांगितला. "शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जून एकोणऐंशी. आता पंच्याण्णवचा फेब्रुवारी. म्हणजे सोळा पूर्ण नाहीत. गुन्हा ठरला तरी रिमांड होम, दोन-अडीच वर्षं. सोळा पूर्ण असती तर मोठं कोर्ट, अलिबागचं जेल आणि जन्मठेप."

"आणि गुन्हा नसलाच तर?"

"तेच बघतोय. घासलेटात काही भेसळ असेल आणि पोराला ठाऊक नसेल, तर दोन कानफटात देऊन सोडून देईन. आपल्या गिऱ्हाइकाला कोण मारतं? हेतूच नाही."

बाळ्या भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. काटक, उंच, ओठावर मिशीची रेघ. खालचा ओठ सुजलेला.

"तुमी नव्या बाई?" तो म्हणाला. "रजेवरच्या?"

"हो. तू आता काय करतोस?"

"जासईला असतो. गाड्यांवर."

"म्हणजे काय, ते सांग ना बाईंना," मागून कडू म्हणाले. "लाजतोस काय?"

"न्हावा शेव्याच्या गाड्यांची लाइन लागते. डायवर झोपतो. आमी ताडपत्री कापतो. डिजल काढतो, कदी पेट्रोल. कदी साबनाच्या पेट्या." मग तो हसला. "एकदा अख्खी पेटी फोडली, आत डाव्या पायाचे बूट. सगले डाव्याच पायाचे."

"शाळेत काय आवडायचं तुला?"

"परयोग. तो लाल कागद निला व्हतो तो. दाखवता का तुमी?"

"दाखवते."

तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. नखांच्या कडांत निळं साचलं होतं. "लिहितोस का अजून?" तिने विचारलं.

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतले. "कदीमदी."

ती बाहेर आली. शाळेने हाकलल्यावरही जो पोरगा शाईने बोटं भरवून घेतो, त्याला सोडवायचंच, असं तिने ठरवलं.

"तुम्हाला एक सांगतो, बाई," कडू म्हणाले. "असली पोरं माझ्याकडे आली की बापाचं नाव मी नंतर विचारतो. आधी विचारतो, कुठल्या शाळेने काढलं? उत्तर नाही, असं अजून झालेलं नाही."

३

प्रयोगशाळेत तिने गाळण कागदावर दोन थेंब टाकले. एक कपाटातल्या पांढऱ्या घासलेटाचा, एक कॅनमधल्या द्रवाचा. पंखा लावला आणि वर्गावर गेली. तास संपवून आली तेव्हा पहिला डाग तेलकट होऊन तसाच पसरलेला होता. दुसऱ्याचा बराचसा भाग उडून गेला होता. मग तिने दोन्ही द्रव एकाच मापाने मोजून तराजूत घातले. कॅनमधला हलका भरला.

घासलेटात पेट्रोल होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. स्टोव्ह उसळण्याचं कारण मिळालं. भेसळ. पोराने कुठल्याशा गाडीतून काढून आणली, त्याला काय कळणार आत काय आहे? तिने तसं कडूंना फोनवर सांगितलंसुद्धा.

फोन ठेवून परत आली तेव्हा तिला दिसलं, की मापातला द्रव आता जवळजवळ रंगहीन झाला आहे.

रेशनचं घासलेट निळं असतं. सरकारच त्यात रंग घालतं. तो रंग विरघळलेला असतो. महिनाभर ठेवलं तरी खाली बसत नाही. इथे मात्र तळाला निळ्या भुकटीचा पातळ थर होता. तिने माप हलवलं. द्रव पुन्हा निळा झाला. थोडा वेळ थांबली. भुकटी पुन्हा खाली बसली.

तिने ती गाळून घेतली आणि तिच्यावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले. निळा रंग गेला आणि कुजक्या अंड्यांचा वास आला.

नीळ. पांढऱ्या कपड्यांना घालतात ती, दुकानात पुडीत मिळणारी.

कोणीतरी पेट्रोल घातलेला तो द्रव मुद्दाम निळा केला होता. दाजींना तो रोजचाच वाटावा म्हणून.

म्हणजे हा अपघात नव्हता. आणि हे तिने अजून कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

४

शाळेत पेट्रोलशी संबंध असलेला एकच विद्यार्थी होता. रूपेश, दहावीत दुसऱ्यांदा बसलेला. जासईची त्याच्या घरची जमीन बंदरात गेली होती आणि तिच्या बदल्यात आलेल्या मोटरसायकलवरून तो शाळेला यायचा. दाजींनी त्याला मुतारीमागे सिगारेटसकट पकडून कानाला धरून अख्ख्या मैदानातून फिरवलं होतं. "दाजी, तुला जाळीन," असं तो तेव्हा ओरडला होता आणि निम्म्या शाळेने ते ऐकलं होतं.

"बोललो मी," तो मोटरसायकलवर बसल्या बसल्याच म्हणाला. "बोलायला काय जातंय? मी तर आजीलापन बोलतो."

"त्या दिवशी सकाळी कुठे होतास?"

"उरनला. मामाच्या पोराची हलद व्हती. दोन दिवस तिथंच. अख्खा गाव साक्षीला हाय, बाई. बँडवाल्यालापन विचारा. त्याच्या ढोलावर ओकलो मी."

"सिगारेटबद्दल तुला निलंबित केलं होतं?"

"मला?" त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. "माझा बाप संस्थेत हाय ना."

"स्टोव्हमध्ये पेट्रोल होतं, रूपेश."

"पेट्रोल?" तो हसायला लागला. "काय बाई! येडा हाय का कोन? लोक पेट्रोलात घासलेट मारतात. पंपावर काय, गॅरेजात काय, सगलीकडं. घासलेटात पेट्रोल कोन मारल? पेट्रोलचा भाव काय, घासलेटाचा काय?"

"चोरीचं असलं तर?"

"चोरीचा असला तरी पेट्रोल ते पेट्रोल. आमच्या नाक्यावर बाटली घेऊन हुबा राहा, गिऱ्हाइक लाइन लावतो. महाग माल स्वस्ताचा रंग लावून कोन इकतो?"

त्याने किक मारली आणि धूर सोडून निघून गेला.

वसुंधरा उभीच राहिली. तो बरोबर बोलला होता. भेसळ नफ्यासाठी होते. ही भेसळ करणाऱ्याने आपलं नुकसान करून घेतलं होतं आणि वर नीळही विकत आणली होती. त्याला यातून पैसा नको होता.

मग काय हवं होतं?

५

पेट्रोल मिळवणं अवघड नव्हतं. नीळ तर कमलाकर सरांच्या प्रत्येक शर्टाला होती. पण सरांना दाजींचं काय वाकडं होतं? शाळेतलं अर्धवट राहिलेलं प्रकरण एकच होतं, त्या आगीचं. म्हणून ती त्यात हात भाजलेल्या प्राजक्ताकडे गेली.

प्राजक्ताही दहावीत होती. डाव्या हाताची तीन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली. वही ती कोपराने दाबून धरायची.

"सोडियम दाखवायचं होतं," ती म्हणाली. "बाळ्याने चिमटा धुऊन दिला, मी बाटलीत घातला. आणि पेटलंच."

"चिमटा ओला होता?"

"असेल."

"बाटलीत घासलेट कुठपर्यंत होतं?"

"नव्हतंच. तळाला नुसतं ओलं."

वसुंधराने पुन्हा विचारलं, शब्द सावकाश उच्चारून. उत्तर तेच आलं. सोडियम घासलेटात बुडवून ठेवतात, कारण त्याला पाणी चालत नाही. बाटली भरलेली असती तर ओल्या चिमट्याने थोडं फसफसलं असतं, इतकंच. कोरड्या बाटलीत उघडं पडलेलं सोडियम पेटलं. दोष चिमट्याचा नव्हता. ज्याने घासलेट काढून नेलं त्याचा होता.

"हे तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. सरांनी विचारलं, चिमटा कोणी ओला केला? बाळ्या म्हणाला, मीच धुतला. झालं. मग तो ओरडत होता, 'घासलेट दाजींनी काढला, मी बगितला, चायसाठी काढला.' दाजींनी त्याच्या थोबाडात मारली. सरांसमोरच. सर म्हणाले, पंधरा दिवस घरी बस."

"पंधरा दिवसांनी?"

"आला होता. आईला घेऊन. दाजींनी फाटक उघडलं नाही. आठ-दहा दिवस रोज येऊन फाटकापाशी बसायचा, डबा खायचा, जायचा. आम्ही वरून बघायचो." तिने वही कोपराने जवळ ओढली. "मुलं खडू मारायची."

कमलाकर सरांनी काहीच नाकारलं नाही. ते पेपर तपासत होते आणि बोलतानाही तपासतच राहिले.

"त्या महिन्यात रेशनला घासलेट आलं नव्हतं. वीस जणांचा चहा कशावर करायचा?"

"तुम्हाला माहीत होतं."

"दाजीची नोकरी गेली असती, बाई. घरात पाच तोंडं. ते पोरगं काय, दिवाळीनंतर आईबापाबरोबर वीटभट्टीला जायचंच. त्यांची वाडीच्या वाडी रिकामी होते. पंधरा दिवस आधी गेलं म्हणायचं."

"मग चौकशी का नाही केली?"

"केली असती तर निकाल द्यावा लागला असता." त्यांनी एका पेपरावर शून्य काढलं आणि त्याला गोल केला. "दाजी मोठा वल्ली माणूस. पुढे त्याच पोराकडून घासलेट घ्यायला लागला. म्हणायचा, माझ्या एका थोबाडीत पोरगं धंद्याला लागलं. स्टाफरूममध्ये सगळे हसायचो आपण."

परवा सकाळी सर कुठे होते, ते तिने विचारलं. ते अलिबागला शिक्षण खात्याच्या बैठकीला होते. आदल्या दुपारीच मुक्कामाला गेले होते. आणि कॅन शाळेत आला होता आदल्या संध्याकाळी, मागच्या भिंतीवरून. झाडूवाल्या सुनीताबाईंनी तो दाजींना उचलताना पाहिला होता.

६

"तो निर्दोष होता," वसुंधरा कडूंना म्हणाली. ते कोठडीसमोर बाकड्यावर बसले होते. तिने सगळं क्रमाने सांगितलं: कोरडी बाटली, चहा, थोबाडीत, फाटक. "ज्या गुन्ह्यासाठी शाळेने त्याला काढलं तो दाजींचा होता. सरांनाही ठाऊक होतं. प्राजक्ता साक्ष देईल. तो गुन्हेगार आहे असं सगळे गृहीत धरतायत, ते इथून सुरू होतं. आणि इथेच ते चूक आहे."

तिचं बोलणं संपल्यावर कडूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"दाजीने स्वतःचं पाप पोरावर ढकललं. वर थोबाडीत मारली. वर शाळेचं दार लावलं."

"हो."

"आणि वर त्याच्याकडूनच माल घेऊन त्याची टिंगल केली."

"हो."

"मला हेतू सापडत नव्हता, बाई," कडू म्हणाले. "तुम्ही आणून दिलात."

तिने कोठडीकडे पाहिलं. गजांपलीकडे बाळ्या सगळं ऐकत होता. गज त्याने दोन्ही हातांनी धरले होते आणि उजेडात त्याची नखं स्पष्ट दिसत होती. निळं एकसारखं नव्हतं. शाई कातडीत मुरते, पाण्याबरोबर पसरते. हे नखांच्या खाचांत दाण्यादाण्याने बसलं होतं, भुकटीसारखं.

तिने गप्प राहायला हवं होतं. पण समोर पुरावा होता आणि एक उत्तर राहिलं होतं.

"बाळ्या, ही शाई नाही ना?"

"नाय. नीळ हाय." त्याने हात पुढे करून दाखवला. "पुडी फुटली हातात. जात नाय लवकर."

कडू हलले नाहीत.

"का घातलीस?"

"दाजी निला असला तरच घ्यायचा. डोल्यासमोर धरून बघायचा. पांढरा आनला तं बोलायचा, 'शालेतला चोरलास काय रे?' आनि हसायचा. दर टायमाला. तोच शब्द, तसाच हसायचा."

"पेट्रोलने काय होईल हे तुला माहीत होतं?"

"आमच्या नाक्यावर एक क्लीनर असाच गेला. स्टो पेटवताना."

"मग त्या दिवशी सकाळी..."

"मागच्या भिंतीवर बसलो व्हतो," बाळ्या म्हणाला. "परयोग बगाया." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने आवाज थोडा खाली आणला, समजूत घालावी तसा. "तुमाला कशाला वाईट वाटतंय, बाई? तुमी तं तवा नवत्या."

कडूंनी टोपी घातली आणि हवालदाराला हाक मारली.

७

तरीही वय होतं. दाखल्यावर एक जून एकोणऐंशी, पंधरा पूर्ण, सोळा नाही. खून असला तरी रिमांड होम; सोळा पूर्ण असती तर मोठं कोर्ट आणि जन्मठेप. तिथे निदान शाळा असते, असं वसुंधराने स्वतःला सांगितलं आणि ती सोमीला समजवायला पायरीवर गेली. हवालदार तिच्याआधी पोहोचला होता.

"घाबरू नको, म्हातारे. पोर लहान आहे तुझं. जेलात नाही घालत. सरकार आपल्याकडे ठेवून घेतं. लांब असतं, पण खायला-प्यायला देतात."

सोमी उठून उभी राहिली. "ठेवून घेतो? किती?"

"दोन वर्षं. तीन."

"नाय! लहान नाय तो!" ती कडूंच्या टेबलापर्यंत धावत आत आली. "सायेब, मोठा हाय माझा पोर. लहान नाय. मोठ्याला जामीन भेटतो, भट्टीचा शेठ सोडवतो मोठ्याला. माझ्या भावाला सोडवला. लहानाला सरकार नेतो. बहिनीची पोर नेली सरकारी शालेत, परत आली ती झोलीत बांधून."

"सोमीताई, थांबा," वसुंधरा म्हणाली. "बोलू नका. बाहेर चला माझ्याबरोबर."

"का चलू? खरा बोलते मी!"

"दाखल्यावर पंधरा लिहिलंय, बाई," कडू म्हणाले.

"तो गुरजीनी लिवला. आमी भट्टीवर जातो, पोर उशिरा घातला शालेत. सात-आठ वर्साचा व्हता. गुरजी बोलले, पयलीत सहाच लिवायचा. लिवला. तारीख बी गुरजीनीच घातली, शाला उघडायच्या महिन्याची. आमच्या वाडीतल्या सगल्या पोरांना तीच हाय."

"ऐका माझं," वसुंधराने तिचा दंड धरला. "तुम्हाला कळत नाहीये, तुम्ही काय..."

सोमीने दंड सोडवून घेतला. "तुमी शालेच्या ना?" ती म्हणाली. "तुमी नका बोलू."

कडूंनी दाखला उचलून उजेडात धरला. बराच वेळ ते तारीख पाहत होते. त्यांच्या स्वतःच्या नोकरीच्या कागदावरही एक जून होता, असं ते नंतर एकदा वसुंधराला म्हणाले.

"हिने हे माझ्या टेबलावर, चार माणसांत सांगितलंय," ते म्हणाले. "आता मला डॉक्टरांना विचारावंच लागेल."

सोमी खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावू लागली. तिला वाटलं, आपलं ऐकलं गेलं.

बाळ्याला अलिबागला सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. खांदा, कोपर, मनगट आणि कंबर यांचे एक्स-रे काढले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा निष्कर्ष कोर्टात दाखल झाला.

कोपर : हाडांची टोकं पूर्ण जुळलेली. मनगट : जुळलेली नाहीत. वय : सोळा वर्षं पूर्ण, अठराच्या आत.